तिकीट काढून झालेली मतं

सिनेमाविषयी मत देण्याचा मला काहीही अधिकार नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. मी बी. कॉम. आहे, तोही सेकंड क्लास. गेली बावीस वर्षं बँकेत क्लार्क आहे. २०२४ सालच्या करारात आम्हा क्लार्क मंडळींचं बारसं नव्याने होऊन 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असं भारदस्त नाव ठेवण्यात आलं खरं, पण काउंटरच्या पलीकडून येणारी "अहो, जरा इकडे बघता का?" ही हाक आहे तीच राहिली. असा मी. मला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही. प्रकाशयोजना कळते ती फक्त दिवे गेल्यावर.

पण एक गोष्ट माझ्या बाजूची आहे. मी तिकीट काढतो. तारणाशिवाय कर्ज नाही, तसं तिकिटाशिवाय मत नाही, हे माझं साधं तत्त्व. पासावर सिनेमा बघणाऱ्या माणसाला सिनेमा वाईट वाटला तर त्याचं काय जातं? एक संध्याकाळ. माझं काय काय जातं त्याचा तपशील मी एका वहीत लिहून ठेवतो. सप्टेंबर २०१५पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी मिळू लागली, तेव्हापासूनची ती वही आहे. त्या वहीवरून माझ्या लक्षात आलं की सिनेमा हा मुख्य माल नाहीच. मुख्य माल पॉपकॉर्न. दोन तिकिटांपेक्षा एका बादलीला जास्त पैसे पडतात. कॉस्ट अकाउंटिंगच्या पेपरात 'बाय-प्रॉडक्ट'ची व्याख्या लिहून मला चार मार्क मिळाले होते. उदाहरण म्हणून उसाची मळी लिहिली होती. आज परीक्षा असती तर सिनेमा लिहिला असता. डिसेंबर २०२४मध्ये जीएसटी कौन्सिलने खुलासा केला, की सुटे खारे पॉपकॉर्न पाच टक्के, पाकीटबंद बारा टक्के आणि साखरेत घोळवलेले अठरा टक्के. इतका बारीक विचार आपल्याकडे कुठल्याही पटकथेवर झालेला मला माहीत नाही.

माझ्याबरोबर येते ती आमची ही. आणि मला सिनेमे सुचवतो तो माझा भाचा. भाचा फिल्म सोसायटीचा सभासद आहे, दाढी ठेवतो आणि 'अवकाश' हा शब्द एका वाक्यात दोनदा वापरू शकतो. त्याचं म्हणणं, "मामा, तुम्ही सिनेमा बघत नाही, गोष्ट बघता." आता गोष्ट नाही बघायची तर काय पडदा बघायचा? पडदा काय, घरीही आहे. हिने स्वतः शिवलाय.

तर अलीकडे पाहिलेल्या काही सिनेमांबद्दल. 'अलीकडे' म्हणजे गेल्या दोन-तीन वर्षांत. बँकेत एवढ्या काळाला अलीकडेच म्हणतात.

'पुष्पा २' आम्ही १४ डिसेंबर २०२४ला पाहिला. दुसरा शनिवार. तीन तास वीस मिनिटं. सोबत आमचे हेड कॅशियर सहकुटुंब होते. सिनेमा मूळ तेलुगू, पण हिंदीत अल्लू अर्जुनच्या तोंडून आवाज येतो तो आपल्या श्रेयस तळपदेचा, त्यामुळे तो रक्तचंदनवाला मला पहिल्यापासून दूरचा पाहुणा वाटत आलाय. गोष्ट अशी, की बायकोला मुख्यमंत्र्यांबरोबर नवऱ्याचा फोटो हवा असतो. मुख्यमंत्री नाही म्हणतात. तेव्हा पुष्पा ठरवतो, की मुख्यमंत्रीच बदलायचा. बस. बाकी सगळं ह्या एका वाक्याची फोड.

मला हे पटलं, असं सांगितलं तर भाचा घरी यायचा बंद होईल. पण खरंच पटलं. अपमान हा माणसाला हत्तीइतकं बळ देतो, आणि तो बायकोसमोर झाला तर दोन हत्तींचं. मधे जत्रेचा भाग आहे, त्यात हा गडी साडी नेसून, अंगाला निळा रंग फासून जो नाचतो, तिथे मी पॉपकॉर्नचा हात तोंडापाशी तसाच ठेवून बसलो होतो. ते काम खरं आहे. नंतर मारामाऱ्या सुरू होतात आणि त्या तशाच चालू राहतात, एखादं मांडववाल्याचं बिल असतं तशा. तीन तास वीस मिनिटांत हिशेब मिटत नाही तो नाहीच. शेवटी पुढच्या भागाची पाटी लावून सगळं पुढे ढकलतात. बँकेत ह्याला कर्जाचं नूतनीकरण म्हणतात आणि ऑडिटर त्यावर लाल खूण करतो.

हेड कॅशियरांचा आक्षेप वेगळाच होता. ते म्हणाले, "एवढी रोकड इकडची तिकडे जाते, पण एकदा तरी कुणी मोजली का? एक नोट उजेडात धरून बघितली का?" ३१ वर्षं कॅशमध्ये काढलेल्या माणसाला खून दिसत नाहीत, न मोजलेल्या नोटा दिसतात.

आणि आमची ही बाहेर पडताना म्हणाली, "बायकोने एक फोटो मागितला तर त्याने मुख्यमंत्री बदलला. मी आठ महिने बाथरूमचा नळ बदला म्हणतेय."

हे ह्या सिनेमाचं मी ऐकलेलं सर्वांत नेमकं परीक्षण. नळ मी जानेवारीत बदलला.

'ओपनहायमर'ची गंमत निराळी. २२ जुलै २०२३, चौथा शनिवार, म्हणजे प्रदर्शनाच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही गेलो, कारण भाच्याने सांगितलं होतं की हा मोठ्या पडद्यावरच बघायचा असतो. लोक अणुबाँब बघायला आले होते. मीही त्यासाठीच गेलो. तो फुटतो. आधी नुसता उजेड, आवाज नाही. अख्खं थिएटर श्वास धरून, आणि त्या शांततेत मागच्या रांगेत कुणीतरी नाचोचा तुकडा चावला तो मला अजून ऐकू येतो. मग उशिराने आवाज. क्रिस्तोफर नोलनला मी त्या एका युक्तीसाठी तिकिटाचे निम्मे पैसे तिथेच सोडून दिले.

पण बाँब फुटल्यावर सिनेमा चांगला तासभर उरतो. आजूबाजूचे लोक घड्याळं बघायला लागले, आणि मी मात्र खुर्चीत पुढे सरकून बसलो. कारण पुढे काय आहे? डिपार्टमेंटल एन्क्वायरी! जगाला कुणी सांगितलं नाही, पण हा सिनेमा बाँबचा नाहीच. खात्यांतर्गत चौकशीचा आहे. १९५४ साल, एक अरुंद खोली, लांबट टेबल, समोर तिघे, कोपऱ्यात अपराध्यासारखा बसलेला एवढा मोठा शास्त्रज्ञ. फाइल त्यांच्याकडे आहे, आणि त्या फाइलीतले गुप्त कागद बघायची परवानगी ह्याच्या वकिलाला नाही. वीस वर्षांपूर्वी कुणाबरोबर चहा घेतला होतास, ते सांग. अहो, हे मी पाहिलेलं आहे! फक्त तिथे बाँब नव्हता, एक डिमांड ड्राफ्ट होता.

आणि हे सगळं घडवून आणणारा तो स्ट्रॉस. रॉबर्ट डाउनी ज्युनियरने केलाय, त्याला २०२४मध्ये ऑस्कर मिळालं, ते अगदी योग्य खात्यात जमा झालं. ह्या स्ट्रॉसची तक्रार काय? ओपनहायमरने एकदा चारचौघांत त्याची टर उडवली, आणि एकदा तळ्याकाठी ओपनहायमर आईनस्टाईनशी काहीतरी बोलला, त्यानंतर आईनस्टाईन स्ट्रॉसकडे न बघता निघून गेला. म्हणजे नक्कीच माझ्याबद्दल बोलले! हे त्याने वर्षानुवर्षं मनात धरून ठेवलं. आमच्या शाखेत दोन क्लार्क अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एकजण जवळून जाताना दुसरा हसला होता. निवृत्तीच्या समारंभात उलगडा झाला, की तो चहात पडलेल्या माशीला हसला होता. तळ्याकाठी ते दोघं खरोखर काय बोलले ते नोलन अगदी शेवटी दाखवतो. ते कळल्यावर स्ट्रॉस किती लहान दिसतो! मला वाटतं कुठल्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला हा सिनेमा पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकापेक्षा जास्त कळेल.

दोष सांगतो. पात्रं फार, लग्नाच्या पंगतीत ओळख करून देतात तशी नावं कानावरून जातात आणि जेवण झालं की एकही आठवत नाही. बायकांना जागा कमी. एमिली ब्लंटला चौकशीच्या खोलीत पाच मिनिटं मिळतात आणि त्या पाच मिनिटांत ती त्या वकिलाचं पाणी पाणी करते. मग आधीचे दोन तास तिला काय म्हणून बसवून ठेवलं होतं? आणि पार्श्वसंगीत. ते थांबतच नाही. वरातीतला बँड निदान चौकात तरी श्वास घेतो.

'वाळवी'बद्दल फार लिहीत नाही, कारण लिहायला गेलं की गुपित फुटतं. परेश मोकाशींचा, जानेवारी २०२३चा. नवरा आणि त्याची मैत्रीण मिळून बायकोचा काटा काढायचा बेत करतात आणि तो बेत जो फसत जातो तो फसतच जातो. पावणेदोन तासांत संपतो. हे सद्गुण समजा. खर्डा आणि लेजर जुळवून ठेवल्यासारखी पटकथा आहे, आधी नोंद केलेली प्रत्येक रक्कम पुढे कुठेतरी वळती होते. २०२२ सालचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, तो २०२४मध्ये जाहीर झाला. माझी तक्रार एवढीच, की त्यात कोण मेलं तरी वाईट वाटत नाही. ही म्हणाली, "वाईट वाटायचंच नाहीये त्यात." असेल. पण मला तिकिटाच्या पैशात थोडं वाईट वाटलेलं आवडतं.

'लापता लेडीज' घरी बघितला, म्हणून त्यावरचं मत अर्ध्या किमतीत. घुंगटामुळे रेल्वेत दोन नवऱ्या बदलतात, एवढीशी गोष्ट. गोड आहे. इन्स्पेक्टर झालेला रविकिशन पान खाता खाता सिनेमा खाऊन टाकतो. पण शेवटी सगळ्यांचे सगळे हिशेब जुळतात, आणि ज्या दिवशी पहिल्या झटक्यात कॅश जुळते त्या दिवशी मला नेहमी संशय येतो. न जुळणारी एकच बाई त्यात आहे, ती म्हणजे फलाटावर चहाचं दुकान चालवणारी मंजूमाई. नवऱ्याला आणि मुलाला हाकलून दिलेली, कुणावर विश्वास न ठेवणारी. छाया कदम. 'फँड्री'तली आई, 'सैराट'मध्ये हैदराबादला त्या दोघांना आसरा देणारी. ही बाई पडद्यावर आली की मला वाटतं आता कुणीतरी खरंच काम करणार आहे. अभिनय ह्या अर्थी नाही. भांडी घासणं, चहा गाळणं ह्या अर्थी.

तिच्यामुळेच मी अडकलो.

२३ नोव्हेंबर २०२४. चौथा शनिवार. विधानसभेच्या निकालाचा दिवस. सगळं पुणं टीव्हीसमोर बसलेलं, आणि भाच्याने आमची तिकिटं काढून ठेवलेली : 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट', पायल कपाडिया. त्या वर्षी मे महिन्यात कान महोत्सवात त्याला ग्रां प्री मिळालं होतं, तीस वर्षांनी पहिल्यांदा भारतीय सिनेमा तिथल्या मुख्य स्पर्धेत गेला होता, वगैरे भाच्याने फोनवर सांगितलं. मी त्याला तिकिटांचे पैसे दिले. तत्त्वाला जागलं पाहिजे. थिएटरमध्ये आम्ही धरून अकराजण. मोजले. सवय आहे.

पहिला अर्धा तास मी तीनदा घड्याळ बघितलं. मुंबईतल्या इस्पितळात काम करणाऱ्या दोन मल्याळी नर्स, एका खोलीत राहणाऱ्या. गाडीने कामावर जातात, गाडीने परत येतात. पाऊस पडतो. मोठीचा नवरा जर्मनीत, त्याचा पत्ता नाही, आणि एके दिवशी त्या देशातून एक लालभडक राइस कुकर पार्सलने येतो. सोबत चिठ्ठी नाही. ही माझ्या कानाशी म्हणाली, "किती लिटरचा असेल?" मी तोंडावर बोट ठेवलं. मग रात्री ती नर्स स्वयंपाकघरात जमिनीवर बसून त्या कुकरला पोटाशी धरते. त्यानंतर ही लिटरबिटर काही बोलली नाही.

त्याच इस्पितळात स्वयंपाकाला असलेली पार्वती, म्हणजे छाया कदम. कोकणातली. नवरा गेलेला. चाळीतल्या खोलीत वर्षानुवर्षं राहतेय आणि आता बिल्डरला ती जागा हवी आहे. खोली तिची आहे हे दाखवणारा एकही कागद तिच्याकडे नाही. नवऱ्याने कधी काही सांगितलंच नव्हतं. वकील सांगतो, कागद नाही तर काही करता येणार नाही. ओरडत नाही, हिडीसफिडीस करत नाही. तो खलनायक नाही. तो आपला बरोबर तेच सांगतो.

इथे मला थिएटरमध्ये घाम आला, आणि एसी तर असा होता की हिने शाल काढली होती.

मार्च २०१९. एक बाई काउंटरला आल्या. चार घरी पोळ्या करायच्या. नवरा गेलेला, त्याच्या बचत खात्यात अकरा हजार सहाशे चाळीस रुपये. वारस म्हणून नामांकन केलेलं नाही. मी म्हटलं, मृत्यूचा दाखला आणा. आणला. त्यावरचं नाव आणि पासबुकावरचं नाव ह्यांत एका अक्षराचा फरक. मी म्हटलं, ॲफिडेव्हिट करून आणा. केलं, पैसे भरून. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा वेळ संपत आली होती आणि मार्चएंड होता. मी म्हटलं, कोर्टातून वारसा प्रमाणपत्र आणा.

आता हे काउंटरच्या आतलं सांगतो. एवढ्या छोट्या रकमेला कोर्टाची गरज नसते. हमीपत्र आणि जामीनदारांच्या सह्या घेऊन शाखेतच भागवता येतं. छोट्या ठेवीदारांच्या वारसांना हेलपाटे घालू नका, सोपी पद्धत ठेवा, असं रिझर्व्ह बँकेने २००५पासून बँकांना सांगितलेलं आहे. मला ते ठाऊक होतं. पण तो फॉर्म बरीच पानं भरायचा असतो, त्यावर मॅनेजरांची सही घ्यावी लागते, आणि मॅनेजर त्या दिवशी कुणावरही खेकसत होते. कोर्ट म्हटलं की काउंटर मोकळा होतो.

बाईंनी विचारलं, "कोर्ट कुठं आलं?"

मी म्हटलं, "शिवाजीनगर." पत्ता अगदी बरोबर सांगितला. त्यांनी सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, पिशवीला गाठ मारली आणि गेल्या.

सिनेमातल्या वकिलाचा नाइलाज होता. माझा नव्हता.

पुढचा सिनेमा मी नीट बघितला की नाही, सांगता येत नाही; म्हणून त्यावरचं मत समीक्षकांनी थोडं वजा करून घ्यावं. पार्वती आणि ती मोठी नर्स रात्री बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात, तिथे ही खुदकन हसली. मग पार्वती मुंबई सोडून रत्नागिरीकडे आपल्या गावी जाते, त्या दोघी तिला पोचवायला जातात, आणि सिनेमाला एकदम मोकळी हवा लागते. घरात सापडलेली बाटली उघडून पार्वती आणि ती धाकटी जी नाचतात, ते बघावं. पुढे समुद्रातून एक बुडालेला माणूस वाहून येतो आणि तो मोठीचा नवरा होतो का नाही होत, ते मला कळलं नाही. भाच्याने फोनवर अर्धा तास समजावलं, 'अवकाश' चारदा आला, तरी कळलं नाही. पण एक सांगतो : इतके सिनेमे मुंबई दाखवतात आणि त्यात राहणारा माणूस तिचा मालक तरी असतो नाहीतर तिचा गुंड. कागद नसलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. म्हणजे पडद्यावर पहिल्यांदा.

त्या वर्षी ऑस्करला भारताकडून हा पाठवायचा सोडून 'लापता लेडीज' पाठवला म्हणून भाचा अजून चिडलेला आहे. छाया कदम दोन्हींत आहे, तेव्हा तिचं कुठेच नुकसान नाही, असं मी म्हटलं तर तो म्हणाला, "मामा, तुम्ही अकाउंटन्सीच करा."

सोमवारी तेच केलं. खातं शोधलं. दोन वर्षं उलाढाल नसली की खातं निष्क्रिय होतं, तसं झालेलं. व्याज धरून तेरा हजार पाचशे बारा रुपये. दहा वर्षं कुणी मागितले नाहीत तर हे पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जातात. अजून मुदत होती. मोबाइल नंबरच्या रकान्यात ओळीने दहा नऊ. रकाना रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर पुढे जाऊ देत नाही, म्हणून आमच्यापैकीच कुणीतरी दाबलेले. खाली एन्ट्री करणाऱ्याचा कोड असतो. तो मी बघितला नाही.

पत्त्यावर पत्र पाठवलं. उत्तर नाही, पत्र परतही आलं नाही. पुढच्या दुसऱ्या शनिवारी, 'पुष्पा'च्या आधी, एकटाच पेठेत जाऊन आलो. वाडा नव्हता. पत्रे ठोकलेले आणि वर फलक : दोन आणि तीन बेडरूम, स्विमिंग पूल. मी दगड मारला नाही. सेकंड क्लास बी. कॉम. माणूस दगड मारत नाही. शिवाय वर सीसीटीव्ही होता. समोरच्या पानवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "पोळ्यावाल्या मावशी? कुठल्या? इथं तीन होत्या." कुणी धायरीला गेलं, कुणी कात्रजच्या पुढे.

फॉर्म भरून ठेवलाय. नाव, खातं, रक्कम, सगळं माझ्या अक्षरात. मॅनेजर आता दुसरे आहेत, ते सही करतो म्हणालेत. ड्रॉवरमध्ये वरच आहे, बाईंनी जिथे सह्या करायच्या तिथे पेन्सिलने फुल्या मारून.